बारीक पिन

दर रविवारी चारच्या ठोक्याला अण्णा ऐकता-बोलता येणाऱ्या आपल्या हॅम रेडिओसमोर बसत आणि समुद्रापलीकडच्या मित्राशी गप्पा मारत. आजचा रविवार चुकवून चालणार नव्हतं. उद्या मित्राच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आणि नेमका आजच, पुसायला काढलेला अँटेनाचा प्लग अण्णांच्या हातून पडून त्यांच्याच पायाखाली चेपला.

जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाच्या घरात दुसरा प्लग नव्हता. होता तो जावयाच्या पिशवीत. जावई घरोघर टीव्हीच्या केबल जोडायचा, आणि हे काही काम आहे असं अण्णांना कधीच वाटलं नव्हतं.

“हा घ्या, अण्णा. अगदी तस्साच आहे.”

“दिसायला! रेडिओचं काम पन्नास ओहमचं, तुमचं टीव्हीचं पंच्याहत्तरचं. तुमची पिन बारीक असते, जावईबापू.”

“अहो, बसतोय की!”

बसला खरा. आटेही फिरले. पण आत ती बारीक पिन सैल पडली आणि मित्राचा आवाज येतोय न येतोय तोच तुटू लागला. चार वाजून पाच मिनिटं झाली.

जावयाने मागे वाकून प्लग जरा तिरका दाबला. आवाज खणखणीत! सोडला, की गेला.

“धरूनच बसा,” अण्णा म्हणाले. अडला हरी!

“घाबरलोय रे,” पलीकडून मित्र म्हणाला.

“गप. बरा होऊन ये, मग शिव्या घालतो तुला.”

“बरं, तो तुझा गाढव जावई काय म्हणतो?”

आणि आवाज बंद.

अण्णांनी हळूच मागे पाहिलं.

“हात घसरला,” जावई शांतपणे म्हणाला.

“मी... म्हणजे मागच्या रविवारी जरा...”

“दर रविवारी!” आतून अण्णांची बायको ओरडली.

“चुकलं माझं. धरा, बापू.” अण्णांनी माइक उचलला. “गाढव नाही रे तो! तू आत्ता ऐकतोयस ना, ते त्याच्याच हातामुळे.” सगळा प्रकार ऐकून मित्र इतका हसला की अण्णांचेही डोळे भरून आले.

महिन्याभराने मित्राचा आवाज पुन्हा आला, थकलेला पण खणखणीत. जावयाने आणलेला पन्नास ओहमचा प्लग कधीच लागला होता.

“काय रे, जावई अजून धरून बसलाय?”

जावई शेजारच्या खुर्चीत आरामात चहा पीत होता.

“हो ना,” अण्णा म्हणाले. “त्याच्याशिवाय चालतच नाही.”