वासाचा ग्लास

आमच्या शेजारच्या वसंतअण्णांकडे ताक मागितलं तर ते लगेच मिळत नसे. आधी ग्लास ठरायचा. पातळ ताकाला उंच, सडपातळ. घट्ट असेल तर जाड बुडाचा, कानवाला. मग तो आतून ओला करून उजेडात धरायचा आणि पाणी सगळीकडे सारखं पसरतंय का बघायचं. कुठे थेंब अडकून राहिला की "तेलकट आहे" म्हणून पुन्हा धुवायला. तोवर माझी तहान मेलेली असे. "अण्णा, ताक आहे ते, तीर्थ नव्हे," मी म्हणायची. ते म्हणायचे, "स्वल्प थांब गं शालू. भांड्यानं वस्तू बिघडते."

चामराजपेटेतली आमची गल्ली म्हणजे पिढ्यान्पिढ्या इथलीच झालेली मराठी घरं. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणाचं कापडाचं दुकान. बियर बनवणारा माणूस हा एकच. नव्वदीतली गोष्ट, बेंगळुरात तेव्हा पबांचं पेव फुटलं होतं. होसकोट्याला एक लहानशी ब्रूअरी होती, एका वेळी एकच टाकी काढणारी, शहरातल्या चार पबांपुरती. टाकी तयार झाली की अण्णा वास घ्यायचे आणि "सरी", म्हणजे ठीक, म्हणायचे. त्याशिवाय मालक माल हलवत नसे.

या कामासाठी त्यांचा खास ग्लास होता, पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळता. वास आतच कोंडून राहावा म्हणून. त्याला ते वासाचा ग्लासच म्हणत. पंच्यात गुंडाळून तो रोज बसनं होसकोट्याला जाऊन येई. "आधी नाकाला, मग जिभेला," हे त्यांचं ब्रीद. कानवाले ग्लास त्यांच्या मते फक्त टेबलावर आपटायला चांगले.

स्वतः ते फार पीत नसत, पण दुसरा कसा पितो यावर डोळा. एकदा आमचे हे हौसेनं त्यांच्याबरोबर पबात गेले आणि पापड खाल्लेले ओठ तसेच ग्लासाला लावले. तेलानं फेस बसला. अण्णांनी स्वतःचा रुमाल पुढे केला. आमच्या ह्यांनी घरी येऊन जाहीर केलं, या माणसाबरोबर आता फक्त रसम प्यायला जाणार.

एका वर्षी त्यांची बायको, सुमाक्का, लेकीच्या बाळंतपणाला धारवाडला गेली. चौथ्या दिवशी सकाळी करपल्याचा असा भपकारा आला की मी धावतच त्यांच्या घरात शिरले. आत पातेल्यातलं दूध जळून कोळसा झालेलं, आणि बाहेरच्या खोलीत अण्णा शांतपणे पेपर वाचत बसलेले. माझं डोकं फिरलं. "अण्णा, नाक आहे की नुसतं चष्मा ठेवायला?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "चष्म्यापुरतंच उरलंय," म्हणाले.

मागच्या वर्षीच्या तापात वास गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर झाले, काढे झाले. तेव्हापासून टाकीचा नमुना थर्मासमधून घरी यायचा आणि सुमाक्का, जिनं जन्मात बियरचा थेंब ओठाला लावला नाही, ती देवपूजा आटपून तो हुंगायची. तिचे शब्द स्वयंपाकघरातले. "लोणी कढवल्यासारखा." "आंबलेल्या डोशाच्या पिठासारखा." त्यावरून अण्णा दोष ओळखायचे. मालकाला पत्ता नव्हता. "कळलं तर उद्यापासून घरी," अण्णा म्हणाले. "तीस वर्षं दुसरं काही शिकलो नाही मी." आणि त्याच दुपारी एक टाकी निघायची होती. त्यांनी थर्मासमधून ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला.

गुरुवार होता, माझा उपास. लोकांच्या घरात नाक खुपसण्यात मी पटाईत, पण बियरमध्ये कधी खुपसलं नव्हतं. हुंगलं.

"कोबी," मी म्हटलं. "उकडून झाकून ठेवलेला."

"नक्की?"

"अण्णा, कोबी मला झोपेतसुद्धा कळतो."

त्यांचा चेहरा उतरला. माल उकळताना मधेच वीज गेली होती, कढ पुरता आला नव्हता, असं काहीतरी पुटपुटले. माझा जीव गलबलला. म्हटलं, "जाऊ दे की. त्या गोंगाटात कुणाला कळतंय?"

"मला कळतं," ते म्हणाले. "म्हणजे, कळलं असतं."

संध्याकाळी परत आले ते दारातच सगळं सांगून मोकळे झाले. अख्खी टाकी ओतून द्या म्हटल्यावर मालक भडकला. "माझ्यासमोर पुन्हा वास घेऊन दाखवा," म्हणाला. अण्णांनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "म्हटलं, मला कसलाच वास येत नाही. पण कोबी आहे हे खरं. कुणालाही विचारा." मालकानं तीन कामगारांना हुंगायला लावलं. तिघांनीही नाकं मुरडली. टाकी गटारात गेली आणि तिच्यामागून अण्णांची जागा. मालक माणूस वाईट नव्हता. पबांमधले ग्लास नीट धुतले जातात का ते बघायचं काम त्यानं दिलं.

मला रडूच आलं. म्हटलं, "मेलं माझं तोंड. गप्प बसायला हवं होतं मी."

"वेडी आहेस," अण्णा म्हणाले. "सुमा असती तरी हेच बोलली असती."

तीन महिन्यांनी लेक बाळाला घेऊन आली. गल्लीतल्या सगळ्या बायका लोटल्या. जी ती बाळाला उचलायची, टाळूला नाक लावायची आणि डोळे मिटून "अय्यो, काय गं हा वास" म्हणायची. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत हसऱ्या चेहऱ्यानं बसून होते. बायका पांगल्यावर लेकीनं नातीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती आईबरोबर आत गेली. अण्णा वाकले. टाळूवर नाक टेकून बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"शालू," हळूच म्हणाले, "हिचा कसा येतो, सांगशील?"

मी वाकले. "दूध," म्हटलं. "वेखंड. धुरीतला ओवा. खोबरेल आहे, अगदी थोडं."

"अजून?"

"उन्हात वाळलेल्या दुपट्याचा. आणि मानेच्या घडीत जरा आंबूस, तिथे दूध ओघळलंय."

ते डोळे मिटून ऐकत होते. एक हात नातीच्या पोटावर होता.

"अजून सांग," म्हणाले. मी पुन्हा वाकले.