कलम चौदा

थोरला विम्याचा एजंट. करारातली बारीक अक्षरं कोळून प्यायलेला!

"नाना, बिनधास्त जा ताईकडे!" तो वडिलांना म्हणाला. "तुमच्या वृद्ध-निवासाचं कलम चौदा बघा. तीस दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर जेवणाचे अन् सेवेचे पैसे माफ. द्यायचं फक्त खोलीचं भाडं!"

नाना गेले. शंभर दिवस रमले.

बिल आलं. पूर्ण!

थोरला वाघासारखा ऑफिसात शिरला. मॅनेजरबाईंनी वही पुढे सरकवली. जेवणघराच्या दाराशी एक फळा आहे. जेवायला येणाऱ्याने आपल्या खोलीची पाटी लाल बाजूवरून हिरवीवर उलटायची. वहीत रोजची नोंद: बारा नंबरची, म्हणजे नानांची, पाटी शंभर दिवस, दोन्ही वेळा हिरवी!

"अहो, नाना इथे नव्हतेच!"

"नव्हते? चार किलो वाढलेत! ही नर्सताईंची नोंद."

सहाशे किलोमीटर लांब बसून चार किलो! वाघाची शेपटी खाली गेली.

तेवढ्यात नानांच्या शेजारच्या खोलीतल्या मास्तरांनी त्याला बाही धरून व्हरांड्यात ओढलं. मास्तरांचं पोट शर्टाच्या बटणांशी भांडत होतं.

"पाटी मी उलटायचो."

"मास्तर! का पण?"

"शहाण्या, कलम पंधरा वाचलंस?"

(नव्हतं वाचलं. ते पुढच्या पानावर होतं. घ्या:

कलम १५. नव्वद दिवसांहून जास्त गैरहजेरी झाल्यास खोली प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या व्यक्तीस मिळेल.)

"यादीत सतरा जण टपलेत! नाना गेला तर मी बुद्धिबळ काय भिंतीशी खेळू?"

"आणि जेवण?"

"वाढणारे ताटं मोजतात, तोंडं नाही. अन्न टाकायचं का मग? नर्सताई नवीन आहे. बारा नंबर म्हणून हाक मारली की काट्यावरही मीच!"

खरं बोलावं तर पैसे वाचणार, पण नानांची खोली जाणार. थोरला आत गेला.

"चुकलो, बाई. नाना इथेच होते. भातावर... जरा जास्तच जीव आहे त्यांचा." त्याने चेक फाडला.

"तेच म्हणते मी!" बाई खूश झाल्या. "म्हणून तर डॉक्टरांनी बारा नंबरला आजपासून पथ्य लावलंय. तीन महिने उकडलेला दुधी!"

फोन वाजला. नानाच!

"उद्या येतोय रे! तुझ्या ताईने नुसत्या सूपवर वाळवलंय मला. आल्या आल्या दोन वाट्या भात! बरं, तुझ्या त्या कलमाने काय काय वाचलं?"

थोरल्याने चेकबुक मिटलं.

"खोली वाचली, नाना. भात नाही वाचला."