खिडकीत ओलीटा, संडासापाशी व्हर्लन

दुकानात गाण्यांच्या मोठ्या तबकड्या पाच हजार आठशे बारा होत्या, छोट्या एक हजार एकशे चाळीस, आणि फार जुन्या, हातातून पडल्या तर सरळ फुटणाऱ्या, दोनशे सहा. लाकडी खोकी त्रेसष्ट. छताजवळ भिंतीभर लांब फळी एक. खुर्च्या दोन, पैकी एकीवर मांजर. पंखा एक. तारा नसलेली गिटार एक. आणि अगदी मागे, संडासाच्या दाराशी, जुन्या फ्रीजमध्ये गळाला लावायची गांडुळं. त्यांचा आकडा अंदाजे देते आहे, सुमारे नऊशे, कारण मोजताना ती एका जागी थांबत नाहीत.

व्यवस्था मात्र शून्य!

निदान मला तसं वाटलं. आणि मला वाटलं म्हणजे ते तसंच असणार, कारण मी नुकतीच जीवशास्त्रात पदवी घेऊन आले होते. टेनेसीच्या नद्यांतले शिंपले तीन वर्षं मी जातवार, कुळवार लावले होते. एकमेकांसारखे दिसणारे, चिखलानं भरलेले शिंपले जिला लावता येतात तिला कंट्री गाण्यांच्या तबकड्या लावणं काय अवघड? प्रत्येकीवर नाव तर छापलेलं आहे. शिंपल्यांनी कधी एवढी मदत केली नव्हती.

दुकान माझ्या मामाचं, हॉइटमामाचं. बकहॉर्न गॅपमध्ये तो चाळीस वर्षं तबकड्या विकतोय. पाटीवर पूर्वी नुसतंच 'हॉइट रेकॉर्ड्स' होतं. पोरंटोरं फोनवर गाणी ऐकायला लागली तेव्हा मामानं त्यापुढे 'आणि गांडुळं' असं रंगवून घेतलं. फोनमध्ये अजून गांडुळं उतरवून घेता येत नाहीत. त्यामुळे दुकान टिकून होतं.

त्या मंगळवारी मामा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नॉक्सव्हिलच्या इस्पितळात गेला आणि दुकान माझ्याकडे आलं. जाताना त्यानं सूचना दिल्या. गांडुळांना मक्याचं पीठ घालायचं. मांजराला उठवायचं नाही. शुक्रवारी चार वाजता ओलीटा स्टॅम्परबाई भाडेकराराचा कागद घेऊन येतील, त्यांना काळी कॉफी द्यायची. इमारत त्यांची होती. यंदा फोनची कव्हरं विकणारा कोणी एक जण हीच जागा मागत होता, भाडंही जास्त देत होता. ओलीटाबाईंनी सही केली तर दुकान आणखी वर्षभर चालणार. नाही केली तर मामा, त्रेसष्ट खोकी, मांजर आणि नऊशे गांडुळं रस्त्यावर.

"आणि टॅन्सी," गाडीत बसता बसता मामा म्हणाला, "कशाला हात लावू नकोस."

मी मान डोलावली. आमच्या घरात मान डोलावणं म्हणजे ऐकू आलं, एवढंच.

बुधवार आणि गुरुवार मी खोकी उपसली. माझा बेत असा होता: सगळ्या गायकांना आडनावाप्रमाणे अकारविल्हे लावायचं, यादी संगणकावर चढवायची आणि जगभरच्या शौकिनांना विकायचं. मामा कुबड्यांवर परत येईल, बघेल आणि गहिवरेल. मामाची मांडणी बघून तर मलाच रडू येत होतं. एकाच आडनावाचे तीन भाऊ तीन दिशांना. वरच्या फळीवर कोणीही. ओलीटाबाईंनी गायलेल्या तबकड्यांचं खोकं पुढच्या खिडकीत, उन्हात, आणि त्यांच्या घटस्फोटित नवऱ्याचं, व्हर्लन स्टॅम्परचं, पार मागे, संडास आणि गांडुळांच्या मध्ये. दोघांनी लग्न टिकलं होतं तेव्हा मिळून गायलेल्या तबकड्या बरोबर मध्यावर, पंख्याखाली. त्यांचा घटस्फोट झालाय हे मला माहीत होतं. साऱ्या परगण्याला माहीत आहे. पण घटस्फोट हा काही वर्गीकरणाचा निकष नाही.

गुरुवारी संध्याकाळी काम संपलं. ए पासून सुरुवात, वरच्या फळीवरून. शेवट जमिनीवर. आणि एस मध्ये स्टॅम्पर ओलीटा, शेजारी स्टॅम्पर व्हर्लन, दोघांच्या मध्ये त्यांची जोडीनं गायलेली गाणी, आईबापांच्या मध्ये पोर झोपवावं तशी. मी कॉफी घेऊन खुर्चीवर बसले. मांजर उठून निघून गेलं. तो इशारा होता हे मला नंतर कळलं.

शुक्रवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे टपाल कचेरीतल्या नेल्डाकाकू. त्यांना नवऱ्यासाठी गांडुळांचे दोन डबे हवे होते. मी डबे काढून वळले तर काकू वरच्या फळीकडे बघत उभ्या. त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"अरेरे," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, एक डबा परत ठेव, आज मासे धरणं बरं दिसणार नाही.

मला काही उमगलं नाही. दाराकडे जाता जाता त्या एस पाशी थबकल्या. उजवा हात छातीवर गेला. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा खोक्यांकडे, पुन्हा माझ्याकडे. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू. मग परत येऊन त्यांनी तो दुसरा डबाही घेतला आणि जवळजवळ धावतच गेल्या. मी मनात नोंद केली: नवी मांडणी गिऱ्हाइकांना भावते.

दुपारी पावणेतीन वाजता आर्व्हिल ॲबशायर आले. वय एक्याऐंशी, या खोऱ्यात सगळ्यात गोड फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारे. हातात मोठं काचेचं भांडं, त्यात अर्धवट खाल्लेले चीज-बटाटे.

"पोरी, मी मेलोय का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तसं दिसत नाही.

"मलाही तसंच वाटलं. पण सकाळपासून घरी सहा भांडी आलीत, मयताच्या घरी नेतात तशी. चार बटाट्यांची, दोन कोंबडीची. एक पुष्पचक्र. दार मीच उघडत होतो, तरी कोणी परत नेईना. पाद्रीबुवांनी माझंच सांत्वन केलं." त्यांनी भांडं माझ्या टेबलावर ठेवलं. "कोंबडी झकास होती. माझी तक्रार नाही. बायको एवढंच विचारते, भांडी कोणाकोणाची, परत करायला."

मग त्यांनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. "मला वर कशाला ठेवलंस?"

"तुमचं आडनाव ए वरून सुरू होतं म्हणून."

"तो माझ्या बापाचा दोष. त्यासाठी मला कशाला मारतेस?"

आणि मग, एका खुर्चीवर बसून, बटाट्यांतले चमचाभर खात खात, त्यांनी मला ते सांगितलं जे या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं आणि म्हणूनच मला कोणी सांगितलं नव्हतं. वरची फळी मेलेल्यांची. गायक वारला की हॉइट त्याचं खोकं वर चढवतो. भावांचं भांडण झालं की खोकी वेगळी करतो, मिटलं की पुन्हा जवळ आणतो. कोणी तुरुंगात गेला तर त्याचं खोकं सुटेपर्यंत टेबलाखाली. चाळीस वर्षांत हॉइटनं एकही खोकं उगाच हलवलेलं नाही. गावातलं वर्तमानपत्र केव्हाच बंद पडलंय. लोक गांडुळं घ्यायला येतात आणि भिंती वाचून जातात.

मी भिंतीकडे पाहिलं. दोन दिवसांत मी त्रेसष्ट बातम्या छापल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी वारलेला क्लीटस यार्ब्रो वाय मुळे खाली, जिवंतांत उतरला होता. त्याच्या विधवेला सकाळपासून दोन फोन आले होते म्हणे, दोन्ही चौकशीचे.

"आणि ओलीटाबाईंचं खोकं खिडकीत?" मी विचारलं.

"ती तिची अट. घटस्फोटानंतरच्या पहिल्या भाडेकरारापासूनची, तोंडी." आर्व्हिलआजोबांनी चमचा ठेवला. "दोघांची पहिली तबकडी निघाली ना, गाणी सगळी तिनं रचलेली. कव्हरवर त्याचं नाव वर, ठळक. तिचं खाली, गिटारच्या बुडाशी. तिथून सुरू झालं. पुढचं सगळं नेहमीचं. छत्तीस वर्षं झाली. ती म्हणाली, हॉइट, मला पुढे ठेव आणि त्याला जितका लांब ठेवता येईल तितका ठेव. हॉइटनं ठेवला. त्याच्या पलीकडे भिंतच आहे, नाहीतर आणखी लांब ठेवला असता." मग त्यांची नजर एस वर गेली, आणि त्यांनीही टोपी काढली. "पोरी, हे नेल्डानं पाहिलं का?"

मी हो म्हटलं. नेल्डाकाकूंच्या हातून गावात टपाल वाटलं जातं, आणि टपालाच्या आधी बाकी सगळं.

घड्याळात सव्वातीन वाजले होते. पाऊण तासात जुनी मांडणी परत लावणं अशक्य होतं, कारण मी सगळं मोजलं होतं पण काय कुठे होतं ते लिहून ठेवलं नव्हतं. शिंपले गोळा करताना पहिला नियम हाच: जागेची नोंद. पहिल्या वर्षाची मुलंही चुकत नाहीत. निदान आजोबांना खाली उतरवलं आणि यार्ब्रोला वर पाठवलं. मग व्हर्लनचं खोकं उचललं. चाळीसेक किलो. ते पोटाशी धरून संडासाच्या दिशेनं चार पावलं गेले असेन, तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात व्हर्लन स्टॅम्पर. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस, दाढी इतकी घाईनं केलेली की हनुवटीला कागदाचा कपटा चिकटलेला. हातात भेंडीच्या लोणच्याची बरणी.

"तिनंच सांगितलं ना?" त्यांनी विचारलं. "इमारत तिची. तिच्या शब्दाशिवाय हॉइट खोकं हलवणार नाही."

चाळीस किलो पोटाशी धरून खरं बोलणं कठीण असतं. मी त्यांचं खोकं कुठे नेते आहे हे त्यांनी पाहिलं, खोक्यावरचं नाव वाचलं, आणि बरणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्या क्षणी फोनच्या कव्हरवाल्याला दुकान फुकट दिलं असतं मी.

ओलीटाबाई दहा मिनिटं आधीच आल्या. पर्समधून कागदाचं टोक बाहेर. मागे काचेपाशी निम्मं गाव, हातात झाकलेली भांडी, कारण सुख असो की दुःख, आमच्याकडे बटाटे तेच भाजतात.

"खोकं हलवायला हॉइटच्या मागे किती दिवस लागला होतास?" त्यांनी व्हर्लनना विचारलं. हॅलो नाही, काही नाही.

"मी? मला वाटलं तू बोलावलंस."

"मी छत्तीस वर्षांत तुला दारातसुद्धा बोलावलेलं नाही."

"म्हणून तर शर्ट इस्त्री केला."

दोघंही माझ्याकडे वळले. मी खोकं खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. शिंपले, अक्षरक्रम, जगभरचे शौकीन. आर्व्हिलआजोबांनी पुरावा म्हणून स्वतःकडे बोट दाखवलं.

फ्रीज गुरगुरत होता.

"अक्षरक्रम," ओलीटाबाई म्हणाल्या. "म्हणजे त्यात मी आधी की तो?"

"तुम्ही. ओ आधी, व्ही शेवटाकडे."

"कोणी मुद्दाम केलं नाही?"

"नाही बाई. तसंच असतं ते."

त्यांनी हळूच व्हर्लनकडे पाहिलं. व्हर्लन बरणीच्या झाकणाकडे बघत होते. "तेव्हा कोणी सुचवलं असतं," ते म्हणाले, "तर मी कव्हर अक्षरक्रमानंच छापलं असतं. मला सुचलं नाही, ओलीटा. मी शाळा सातवीत सोडली."

"आठवीत," ओलीटाबाई म्हणाल्या. "स्वतःचं तेवढं तरी नीट सांग."

मग त्या मालकीणबाई झाल्या. "माझं खोकं खिडकीत, आत्ताच्या आत्ता." मी नेलं. दोघांच्या गाण्यांचं पंख्याखाली. नेलं. आणि त्याचं? मी संडासाकडे निघाले.

"थांब. तिथे ओल आहे. तबकड्या वाकतात." त्या दोन पावलं चालल्या. "इथे." मी ठेवलं. "नको, फारच झालं. मागे." मी मागे ओढलं. "एवढं नाही." काचेवर नाकं चपटी झाली होती. बाहेरून कोणी तरी हातानं खुणा करत होतं, पुढे, पुढे. व्हर्लन हलले नाहीत, बहुधा श्वासही घेत नव्हते. माझी पाठ मात्र चांगलीच बोलत होती. पाचव्या खेपेला ओलीटाबाईंनी बुटाच्या टाचेनं फरशीवर ठोकलं. तिथे.

सही त्यांनी गांडुळांच्या फ्रीजवर केली. वर्षभरासाठी, जुन्याच भाड्यानं. कॉफी गार झाली होती, तशीच प्यायल्या. जाताना व्हर्लनच्या हातातली बरणी घेतली, उजेडात धरून पाहिली, मीठ कमी पडलंय म्हणाल्या, आणि पर्समध्ये टाकली.

साडेपाचला मामाचा फोन आला. गुडघा ठीक होता. करार झाला, मी सांगितलं.

"ते नेल्डाकडून कळलं," तो म्हणाला. "यार्ब्रो जिवंत झाला तेही कळलं. कशाला हात लावू नकोस म्हटलं होतं ना मी?" मग म्हणाला, "काउंटरखाली मोजायची पट्टी आहे. खिडकीपासून व्हर्लनचं खोकं किती लांब आहे ते सांग."

आधीची जागा फरशीवर धुळीच्या चौकोनात दिसत होती. ते अंतर आधी मोजलं: एकतीस फूट दोन इंच. मग आताचं मोजलं, दोनदा, कारण पट्टीच्या मध्यावर मांजर येऊन बसलं होतं.

एकोणीस फूट सात इंच.