साळूआजीचं चित्र आणि गव्यांचा सलोखा

एका जंगलात एक झरा होता. मुलांनो, नीट मांडी घालून बसा. पाण्याची गोष्ट आहे, ती चुळबुळ करत ऐकू नये.

झऱ्याकाठी साळिंदरं राहायची. किती वर्षं, ते झऱ्यालाच ठाऊक. मग एक दिवस गवे आले. थोराड, काळे, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. म्हणाले, "जरा सरकता का?" साळिंदरं सरकली. "आणखी जरा?" आणखी सरकली. असं सरकत सरकत ती पार पलीकडच्या खडकाळ माळावर पोचली आणि झऱ्याभोवती काटेरी कुंपण आलं.

पुढे गव्यांच्या नातवंडांना या गोष्टीचं फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं, की त्यांनी एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं.

आता साळिंदरांचा एक वसा होता. घरात कुणी बाळंत होणार असली, की थोरलीनं सपाट दगडावर गेरूनं झरामायचं चित्र काढायचं. सात दिवस झरामाय त्या चित्रात येऊन बसते. आठव्या दिवशी झऱ्याच्या पाण्यानं चित्र धुवायचं, ते लाल पाणी द्रोणात धरायचं आणि पोटुशीच्या ओठांना लावायचं. मग देवी दगडातून उठते आणि तिच्या उशाशी जाऊन बसते. चित्र मागे उरता कामा नये. उरलं, तर देवी आतच अडकते.

पाणी कुठून आणायचं? कुंपणाला एक भगदाड होतं. त्यातून, चोरून.

साळूआजीची नात पहिलटकरीण होती. आजीनं उपास धरला, चित्र काढलं. तिसऱ्या दिवशी सलोखा समितीच्या अध्यक्ष शृंगाबाई गवे माळावर आल्या.

"अगंबाई! केवढं अस्सल! आजी, हे आम्हाला द्या. झऱ्याकाठी मांडू."

"झऱ्याकाठी?" आजीचा चेहरा उजळला. "न्या की. पण आठव्या दिवशी धुवायचंय हां, बाईसाहेब. आणि पाणी..."

"ते सगळं बघू हो आपण!"

दगड वाजतगाजत गेला. प्रदर्शनाला शोभा यावी म्हणून कुंपणाची डागडुजी झाली. भगदाड बुजवलं आणि त्यावर झेंडूची माळ सोडली.

उद्घाटनाला शृंगाबाई म्हणाल्या, "या झऱ्याच्या मूळ मालकांना आम्ही नतमस्तक होऊन वंदन करतो." सगळ्यांचे डोळे पाणावले. मूळ मालक कुंपणाबाहेर उभे होते, कारण त्यांच्याकडे निमंत्रणपत्रिका नव्हती. त्यांनी तिथूनच उलट नमस्कार केला. वळण चांगलं होतं ना त्यांना.

आठव्या दिवशी साळूआजीला सत्कारासाठी आत घेतलं. ती दोन द्रोण घेऊन आली. बघते तर चित्र लखलखतंय.

"हे काय फासलंय ह्यावर?"

"राळ!" शृंगाबाई म्हणाल्या. "आता हजार वर्षं पुसणार नाही. खूश?"

"अहो बाईसाहेब, देवी आत बसलीय. तिला जायचंय. तिकडे माझ्या पोरीला कळा सुरू झाल्यात."

"वा! 'देवी आत बसलीय.' कुणीतरी हे पाटीवर लिहून घ्या बाई!"

"आणि पाणी?"

"पाण्याचा विषय वेगळा, आजी. हे सांस्कृतिक व्यासपीठ आहे."

आजी भांडली नाही. उपासाच्या दिवशी तोंडून वाकडा शब्द काढायचा नसतो. तिनं फक्त चित्राकडे पाठ केली, काटे फुलवले आणि पाठ दगडावर घासायला लागली. खर्र, खर्र, खर्र. राळेचे पापुद्रे उडाले. मग ती तडक झऱ्याकडे चालू लागली. पहारेकरी गवा पुढे झाला, तर फुललेले काटे बघून मागेही झाला.

"हे कार्यक्रमपत्रिकेत आहे का हो?" सशानं विचारलं.

"शूऽऽ! आदिम नृत्य आहे," वानर म्हणाला. "त्यातलं कळत नसेल तर निदान बोलू नये."

आजीनं एक द्रोण भरून आणला, चित्रावर ओतला. गेरू ओघळला. लाल पाणी तिनं दुसऱ्या द्रोणात धरलं. दगड कोरा झाला. मोर हुंदके द्यायला लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शृंगाबाईंचं तोंड उघडंच राहिलं होतं. टाळ्या ऐकून त्यांनी ते मिटलं आणि सगळ्यांच्या आधी उठून उभ्या राहिल्या. "कल्पना आमचीच," शेजारच्या सांबराला म्हणाल्या.

आजी थोरल्या दरवाज्यानं बाहेर पडली. पहारेकरी झुकले. लाल पाणी नातीच्या ओठांना लागलं आणि दिवस मावळायच्या आत पणती झाली. झरामाय वेळेवर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी माळावरची यच्चयावत साळिंदरं द्रोण घेऊन दरवाज्यात हजर.

"काय काम?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"नाच आहे," साळूआजी म्हणाली.

"अच्छा. किती दिवस?"

"रोज."

दरवाजा उघडला. तेव्हापासून साळिंदरं येतात, एक गिरकी घेतात, पाणी भरतात आणि जातात. गवे अजून टाळ्या वाजवताहेत. हल्ली तर साळिंदरं गिरकी घ्यायलाही विसरतात. कुणाच्याच लक्षात आलेलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, दुसऱ्याचं हिसकावलेलं कधी परत करू नये, त्याचं चित्र टांगावं, म्हणजे मनाला शांती लाभते. आणि आपलं हिसकावलेलं कधी मागू नये. चार रसिक जमले, की सरळ उचलून घरी न्यावं.