देवरावकाका फोनवर आहेत

आमचे शेजारी देवरावकाका फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. पापड भाजला की नाही हे बघायला धरावा तसा ते फोन तोंडासमोर आडवा धरतात, स्पीकर चालू करतात आणि म्हणतात, "हां, बोला, बोला, वर बोला!" पलीकडचा माणूस नवखा असेल तर तो घाबरून खरंच आवाज चढवतो. मग काका त्याच्याही वर जातात. दोन मिनिटांत आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांना विषय कळलेला असतो.

यात काकांचा दोष नाही. बाजार समितीच्या यार्डात त्यांनी उभा जन्म हर्राशी, म्हणजे लिलाव, बोलण्यात घालवला. सोयाबीन असो की तूर, ढिगापाशी उभं राहून भाव चढवत न्यायचा, व्यापाऱ्यांच्या भुवया वाचायच्या आणि तीनदा पुकारून माल सोडायचा. नोकरी संपली, गळा मात्र अजून यार्डातच आहे. फोनवर कोणी चार वाजता येतो म्हणालं, तर काका म्हणतात, "चार वाजता एक. चार वाजता दोन. कोणाले काही म्हणायचं आहे? चार वाजता तीन. सुटला!" सुटला म्हणजे बोलणं पक्कं झालं आणि फोन संपला. त्यानंतर पलीकडच्याला काही सांगायचं राहिलं असेल, तर त्याला नव्याने फोन लावावा लागतो.

त्यांची शुगर किती आहे, कोणत्या भाच्याचं कोणत्या साडूशी बिनसलं आहे, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक असतं. एकदा फोनवर कोणीतरी काकूंच्या गुडघ्याच्या गोळीचं नाव विचारलं. काकांना ते आठवेना. समोरच्या घरातल्या वहिनींनी पोळ्या लाटता लाटता खिडकीतून सांगितलं. काकांनी त्यांचे आभार मानले नाहीत. फक्त पलीकडच्याला म्हणाले, "आलं नाव. लिहून घे."

मला मात्र कोणाला तोंडावर काही सांगता येत नाही. बसमध्ये कोणी माझ्या पायावर पाय दिला तर 'माफ करा' मीच म्हणतो, आणि घरी आल्यावर आपला पाय तिथे नसता तर त्या माणसाचा तोल गेला नसता, असंही वाटत राहतं. त्यामुळे 'काका, जरा हळू' हे तीन शब्द मी कित्येक वर्षं जिभेखाली धरून होतो. पण एका सुट्टीच्या दिवशी कचेरीची मीटिंग घरूनच मोबाईलवर करावी लागली. सगळे गंभीर चेहऱ्याने बसलेले. आणि साहेब मध्येच थांबून म्हणाले, "तुमच्याकडे कशाची हर्राशी सुरू आहे?" सगळे हसले. मी माफी मागितली. भिंतीपलीकडे तेव्हा एका भाचीच्या बारशाची तारीख सुटत होती.

त्या संध्याकाळी मी बाजारात जाऊन गळ्यात घालायचा ब्लूटूथ आणला, आणि वाढदिवसाची भेट म्हणून काकांना दिला. काकांचा वाढदिवस कधी असतो हे मला माहीत नव्हतं. सुदैवाने त्यांनाही नव्हतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली तारीख ते कधीच मानत नाहीत. त्यांनी ती वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि काकूंना हाक मारली, "पाय व, सुरेशनं मले गोफ केला." गोफ म्हणजे गळ्यातला सोन्याचा दागिना. तेव्हापासून त्या ब्लूटूथचं नाव गोफ पडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते ज्याला दागिना म्हणत होते, तो मी त्यांचं तोंड बंद करायला आणला होता.

जोडायला बसलो तर त्यांच्या फोनवर आजूबाजूच्या सगळ्या उपकरणांची नावं आली. त्यात मागच्या गल्लीतल्या चौधरींचा टीव्हीही होता. काकांनी ते वाचून गंभीरपणे बजावलं, "चौधरीशी जोडू नको. आमचं पटत नाही." मी गोफाशी जोडलं. बटण कसं दाबायचं, आवाज कसा कमी-जास्त करायचा, आता स्पीकर लावायचा नाही, हे दोनदा समजावलं. काका मान हलवत होते. काकू शेजारी बसून माझ्याकडे नाही, काकांच्या कानाकडे पाहत होत्या.

काका-काकूंना एकच मुलगी, पल्लवी. ती वनरक्षक आहे. झरी जामणी तालुक्यातल्या आतल्या गावात तिचं पोस्टिंग. तिथे खोलीवर रेंज येत नाही. संध्याकाळी जंगलातली फेरी संपली की ती गावच्या पाण्याच्या टाकीच्या चबुतऱ्यावर चढते आणि तिथून घरी फोन करते. घरी संध्याकाळी फोन यायचा तो तिचाच. बाकी सगळ्यांना काकांनी सांगून ठेवलं होतं, पोरीची वेळ आहे, मधात येऊ नका.

गोफ दिला त्याच संध्याकाळी तिचा फोन आला, आणि कॉलनीला प्रथमच एकच बाजू ऐकू आली. ती बाजू काही चांगली नव्हती. काकांनी तिला न विचारता पुसदच्या पाहुण्यांना रविवारी मुलगी पाहायला बोलावलं होतं. तिने नाही म्हटलं असावं, कारण काकांचा आवाज चढत गेला. "तुले जंगलातच राहायचं आहे काय जन्मभर?" मग तिचं ऐकून, "तं मग मले फोन करू नको. नको एक. नको दोन..." तीनपर्यंत ते गेले नाहीत. तिनेच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांची एक-दोन पुटपुटलेली वाक्यं आली, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज येईनासा झाला. मला वाटलं, ब्लूटूथ लागू पडला. मी दोन-तीन संध्याकाळी शांतपणे पेपर वाचला. सकाळी काका गळ्यात गोफ घालून दूध आणायला जात, तेव्हा त्यावर दूधवाल्याशी, भाच्यांशी नीट बोलत. मी विचारलं, "चालतो ना?" ते म्हणाले, "फस्ट क्लास." पण चेहरा उतरलेला होता. नजर फाटकावरच खिळलेली. मी स्वतःची समजूत घातली की पाहुण्यांचं बिनसलं म्हणून असेल. तरी त्या शांततेत पेपर वाचताना मला आपण काहीतरी चोरून खातोय असं वाटायला लागलं होतं.

मग एका संध्याकाळी माझी बायको अनिता काकूंकडे कढीपत्ता द्यायला गेली आणि डोळे पुसत परत आली. काकूंना कपाटातून पल्लवीचा आवाज येतो म्हणे. रोज संध्याकाळी. बारीक, 'बाबा, बाबा' असा. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, उंदीर असतील, आणि कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या. डांबरगोळ्या ठेवूनही आवाज येतोच. "पोरीच्या आठवणीनं काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला हो," अनिता म्हणाली. "दोघं बापलेक हट्टी. ती रोज फोन करते आणि एक शब्द बोलत नाही, अन् हेही बोलत नाहीत. नुसतं फोन समोर ठेवून बसतात."

माझ्या हातातला पेपर खाली पडला. मी अनिताला विचारलं, "काका घरात गोफ कुठे ठेवतात?" तिला काय माहीत असणार? मी चपला न घालताच पलीकडे गेलो.

दार उघडंच होतं. काका दिवाणावर बसले होते. समोर स्टुलावर फोन, शेजारी काकू. फोन चालू होता, पडद्यावर पल्लवीचं नाव होतं आणि त्याखाली सेकंद पुढे सरकत होते. काकांनी मला पाहून बोट ओठांवर ठेवलं. देवळात आरतीच्या वेळी कोणी बोललं तर ठेवतात तसं.

मी खुणेनेच काकूंना विचारून कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. घडी घातलेल्या लुगड्यांच्या मागे ब्लूटूथचा खोका होता, रुमालात बांधलेला, वर हळदीकुंकवाची बोटं. रुमाल सोडला आणि खोक्यातून पल्लवीचा आवाज आला. मुंगीएवढा, पण स्पष्ट.

"...आज अस्वलाचे पाय दिसले बाबा, नाल्याच्या वाळूत. पिल्लू पण असेल सोबत. तुम्ही बोलू नका. राग आहे तं असू द्या. फोन उचलता ना, तेवढं बास आहे मले."

काकू उभ्या राहिल्या. मी धावत जाऊन स्टुलावरच्या फोनवर आवाजाचं बटण दाबलं. ब्लूटूथ, फोन, स्पीकर अशी यादी आली. स्पीकर दाबला. अस्वल, वाळू आणि टाकीवरचा वारा सगळं एकदम खोलीत आलं.

"पल्लवी," काका म्हणाले.

मग ती म्हणाली, "बाबा? बोलले तुम्ही?"

"मी तं बोललो होतो," काका म्हणाले. "भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी बोललो. पाहुण्याले येऊ नका म्हणून सांगतलं, हे सांगत होतो तुले. तू काही बोलेच ना. मंग मी बी चूप बसलो."

"मी बोलत होते ना, बाबा. रोज."

"हाव, पण तू कपाटात होती, बेटा."

"कुठे?"

"कपाटात. तुह्या मायच्या लुगड्यामागं."

पल्लवीला काही समजलं नाही, पण ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला दुसरंच काही झालं. काकूंनी फोन उचलून छातीशी धरला आणि काकांकडे वळून फक्त एवढंच म्हणाल्या, "उंदीर म्हणे." त्यानंतर बराच वेळ त्या दोघीच बोलल्या. काकांनी मध्ये एकदाही भाव चढवला नाही.

फोन संपल्यावर काकू चहा करायला आत गेल्या आणि मी गुन्हेगारासारखा दिवाणाच्या कडेला टेकलो. मी काकांना समजावलं की ब्लूटूथ कपाटात असला तरी चालू होता, फोन त्याला जोडलेला होता, म्हणून पोरीचा आवाज तिकडे जात होता आणि काकांचा आवाज तिला पोचत नव्हता. सकाळी तो गळ्यात असायचा म्हणून बाकीचे फोन नीट चालायचे. घरी काढून ठेवताना तो बंद करायचा असतो.

"बंद?" काका दचकले. "बंद केलं का झिरो हलते."

यार्डातला इलेक्ट्रिक काटा हंगामात कधी बंद करत नाहीत. बंद करून चालू केला की शून्य इकडेतिकडे होतं, आणि मग शेतकरी, अडत्या आणि हमाल तिघंही काट्यावरून भांडतात. त्यामुळे काकांनी आयुष्यात चालतं यंत्र स्वतःच्या हाताने बंद केलेलं नाही. त्यांनी गोफाची तेवढीच काळजी घेतली होती. रोज चार्ज केला, रुमालात बांधला, आणि चालू ठेवला.

"पण घरी काढून काहून ठेवला? कानात बोचतो का?" मी विचारलं.

"बोचत नाही. पयल्या दिवशी घातला, तं तुही काकू नुसती माह्या तोंडाकडे पायत बसली. पोरगी काय म्हणून राह्यली, तिले काही ऐकूच ये ना. तिच्या गुडघ्यानं पोरीकडे जाणं होत नाही. मंग तिनं काय ऐकावं?" ते थोडे ओशाळले. "तुले वाईट वाटू नये म्हणून बाहेर घालून जात होतो."

आता मला राहवेना. मी सांगून टाकलं की वाढदिवस वगैरे काही नव्हतं, गोफ मी त्यांच्या आवाजासाठी आणला होता, आणि त्यापायी बापलेकीची ताटातूट व्हायची वेळ आली होती. काका ऐकत होते. मग म्हणाले, "ठाऊक आहे मले. त्या सुट्टीच्या दिवशी तुह्या साहेबाचा आवाज बी भिंतीतून इकडे आला. तू त्याले नुसती माफीच मागत होता." आणि माझ्या पाठीवर असा हात मारला की मला खोकला आला. कित्येक दिवसांत माझ्या छातीवरचं ओझं एवढं उतरलं नव्हतं.

तरी एक गोष्ट मला समजत नव्हती. मी म्हणालो, "काका, समोरचा आवाज येत नसेल तर माणूस फोन कट करतो अन् परत लावतो. लहान पोरंही तेच करतात. तुम्ही एकदा तरी कट करून पाहायचं होतं. कुठलं तरी बटण दाबलं गेलं असतं. एवढे दिवस नुसतं बसून राहिलात."

काकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. काकू आत कपबशा मांडत होत्या.

"कट केला असता," ते म्हणाले, "अन् मंग तिनं उचललाच नसता तं? ते आकडे पुढं सरकून राह्यले होते ना, सुरेश. म्हटलं, आकडे चालू आहेत तोवर पोरगी तिकडं आहे."