नऊ मिनिटांचा निकाल

आनार्गिरोस कोर्टात निघाला तो पुढची तारीख घ्यायला. म्हणून त्याने साक्षीदार आणला नव्हता, आणि वकिलाला तर ‘उगाच कशाला हेलपाटा’ म्हणून कळवून टाकलं होतं. ज्याच्यावर दावा होता त्या शेजारच्या पोलिख्रोनिसनेही तेच केलं होतं. पोलिख्रोनिसने बागेच्या वाटेवरच्या फाटकाला कुलूप घातल्यापासून आनार्गिरोस चौदा वर्षं ऑलिव्हची पोती डोंगराला वळसा घालून आणत होता. यंदा मात्र गुडघ्यांनी साफ नकार दिला होता.

न्यायाधीशबाईंच्या बाजूला एक अनोळखी मुलगी वही उघडून बसली होती.

“ही कोण रे?” आनार्गिरोस कुजबुजला.

“डेन्मार्कची. युरोपात कुठे न्याय किती लवकर मिळतो ते मोजते म्हणे,” पोलिख्रोनिस म्हणाला.

“सोंग आहे. माझ्या ऑलिव्हवर डोळा असणार.”

“तुझ्या ऑलिव्हवर कीडसुद्धा डोळा ठेवत नाही.”

पुकारा झाला. आनार्गिरोस उठून म्हणाला, “बाई, साक्षीदार नाही. तारीख द्या.”

बाईंनी वहीकडे तिरका कटाक्ष टाकला. “तारीख कशाला? कागद फायलीत आहेत, वाट नकाशात आहे.” आणि नवव्या मिनिटाला निकाल: फाटक उघडा.

दोघे बाहेर व्हरांड्यात आले.

“किती चारलेस?” पोलिख्रोनिसने विचारलं.

“मी? मला वाटलं तूच चारलेस!”

“चारून हरेन का, गाढवा?”

“तेच तर विचारतोय! हरण्यात तुझा काय फायदा आहे, बोल. वाटेत खड्डा खणलायस?”

“आईशपथ नाही.”

“शपथ घेतोस म्हणजे खणलायसच.”

अपिलाच्या खिडकीवर हरलेला पुढे आणि जिंकलेला मागे, अशी रांग लागली. आतल्या कारकून बाईंनी कागद उलटसुलट केला. “आजोबा, तुम्ही जिंकलात.”

“म्हणूनच आलोय. चौदा वर्षांचं भांडण नऊ मिनिटांत मिटतं होय? कुठेतरी पाणी मुरतंय. नीट, सावकाश बघा म्हणावं.”

“सुनावणी साडेतीन वर्षांनी. तोवर फाटक बंदच राहील.”

आनार्गिरोसचे गुडघे कळवळले, पण जीव भांड्यात पडला.

दाराशी डेन्मार्कच्या मुलीने अडवलं. मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये तिने शेवटचा प्रश्न वाचला, “इथल्या न्यायव्यवस्थेवर तुमचा विश्वास आहे?”

आनार्गिरोसने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“सकाळपर्यंत होता,” तो म्हणाला.