नानांचा मोठा विंच

जनार्दन नाना फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूला आधी कान लावत. नोकरी लागल्यावर मी आईला शिवणयंत्र घेतलं. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.कॉम., आणि घरातलं ते पहिलं यंत्र. आळी बघायला आली. नानांनी चाक फिरवून कान लावला. "पोरगा शिकला," म्हणाले, "पन यंत्र उपाशी ठेवलंय. तेल घाल."

ठाण्याच्या खाडीलगत आमची घरं, भिंतीला भिंत लागून. नाना गोदीतून रिटायर झालेले. मासेमारीची जाळी विकली, पण शिडाची छोटी होडी ठेवली. नोकरीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी नाना सुकाणूवर आणि त्यांची बायको, आमच्या काकी, शिडाच्या दोरावर, असा दोघांचा फेरफटका ठरलेला. मग एका थंडीत काकींच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, उजवा हात नाही. नाना म्हणाले, तू नुसती बस. काकी म्हणाल्या, "मी काय म्हावऱ्याची पाटी हाय, होडीत ठेवाया?" तेव्हापासून होडी किनाऱ्यावर पालथी.

पुढे नाना भंगारबाजारात विंच घ्यायला निघाले, मीही सोबत गेलेलो. विंच म्हणजे उभा पितळी ढोल. त्याला दोराचे वेढे द्यायचे, वरचा दांडा फिरवायचा, की शीड चढतं; विंच जितका मोठा, तितका हाताला जोर कमी. नानांनी दुकानातला एकूण एक विंच फिरवून पाहिला. कान लावून, आणि फक्त डाव्या हाताने. उजवा खिशात. दुखत असेल, म्हणून मी विचारलं नाही. शेवटी त्यांनी सगळ्यात मोठा उचलला. म्हणजे पसंत त्यांनी केला, उचलला मी.

आळीला विषय मिळाला. एवढ्या विंचने होडी ओढणार की माजिवड्याचा पूल, असं लोक विचारू लागले. नानांनी मनावर घेतलं नाही. दर रविवारी ओटीवर जुनी चादर आणि ताटलीत रॉकेल. विंचच्या पोटात खटके असतात, दांडा उलटा फिरू न देणारे. ते ब्रशने धुवायचे, पुसायचे, आणि "दात्याला ग्रीस, खटक्याला तेल" हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचं. एकदा खटक्याची स्प्रिंग उडाली, तर ती शोधायला काकींनी आमच्या घरचेसुद्धा तांदूळ निवडले.

एकदा नाना लग्नाला शहाडला गेले असताना त्यांच्या पुतण्याने कौतुकाने विंचभर ग्रीस थापलं. नाना परतले, दांडा फिरवला, कान लावला आणि चेहराच उतरला. ग्रीसमध्ये खटका चिकटला तर दांडा उलटा येऊन मनगट मोडतो, म्हणाले. कोणाचं मनगट, असं पुतण्याने हसत विचारलं. नानांनी सगळा विंच पुन्हा खोलायला घेतला.

पावसाळा सरल्यावर मी, पुतण्या आणि आळीतल्या पोरांनी होडी काठालगत पाण्यात लोटली. विंच फळीच्या डाव्या अंगाला घट्ट बसवलेला, शेजारी बसायला पाट. नानांनी काकींना सांगितलं, जरा आवाज ऐकायला ये. काकी आल्या. पाट बघितला, दांडा बघितला. मग बसल्या आणि डावा हात दांड्यावर ठेवला. नानांनी दोराचं मोकळं टोक धरलं.

खट, खट, खट. शीड हलकेच चढू लागलं. निम्म्यावर काकींना धाप लागली आणि हात सुटला. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. शीड होतं तिथेच. पुतण्या मदतीला पुढे झाला, त्याला नानांनी नुसत्या नजरेने मागे सारलं.

"दम घे," ते काकींना म्हणाले. "यो धरून हाय."